उलटी होऊ न देण्याची नोकरी

आमच्याकडे माणूस सकाळी चालत येतो, दुपारी त्याचं ऑपरेशन होतं आणि संध्याकाळी तो घरी जेवायला असतो. निदान बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे. जळगावातल्या एका डे-केअर सर्जरी सेंटरमध्ये मी रिकव्हरी रूमची सिस्टर आहे. ऑपरेशन थिएटरच्या दारातून ट्रॉली बाहेर आली की पेशंट माझ्या ताब्यात येतो आणि गाडीत बसून फाटकाबाहेर पडेपर्यंत माझ्याच ताब्यात असतो. या वेळात त्याला उलटी होऊ न देणं हे माझं मुख्य काम. कोणी विचारलं आणि मी असं उत्तर दिलं की लोक हसतात. उलटी होऊ न देणं ही काय नोकरी झाली?

झाली. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशननंतर कोणी ओकलं तर पलंग आहे, सलाईन आहे, रात्रपाळीची सिस्टर आहे. आमच्याकडे मुक्कामाची सोयच नाही. उलटी थांबली नाही तर घरी जाणं थांबतं. पोटाच्या टाक्यांवर ताण येतो, दुखण्याची गोळी पोटात टिकत नाही, पाणी टिकत नाही, आणि दारात चोपड्याहून आलेली गाडी उभी असते. शिवाय एक गोष्ट मला इथे येऊनच कळली. माणसं कापाकापीला जितकी घाबरत नाहीत तितकी ओकण्याला घाबरतात. असोद्याच्या एका शेतकरी बाईने मला भुलीच्या आधी हात धरून सांगितलं होतं की दुखलं तर मी दात दाबून पडून राहीन, पण मागच्या वेळेसारखं ते आतडं पिळून निघणं नको.

माझं शिक्षण धुळ्यात झालं. तिथल्या वॉर्डात सकाळी पहिलं काम उलटीचे ट्रे मांडण्याचं असायचं. प्रत्येक पलंगाखाली एक. सिनियर सिस्टर म्हणायच्या, भूल म्हटली की उलटी आलीच. सूर्य पूर्वेला उगवतो म्हणावं तितक्या शांतपणे म्हणायच्या. मी पत्रकांच्या घरात वाढलेली मुलगी. वडील भुसावळला एका छापखान्यात मशीनवर होते आणि निम्मं आयुष्य त्यांनी पत्रकं छापण्यात आणि वाटण्यात घालवलं. बुवाबाजीविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, गुटख्याविरुद्ध, नळाला पाणी न येण्याविरुद्ध. शाळेचं पुस्तक हातात यायच्या आधी मी ती वाचायला शिकले. त्या सगळ्यांचं सार एकच असायचं, ‘हे असंच चालायचं’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्यामुळे सिस्टरांचं ते वाक्य ऐकून माझं डोकं तापायचं. एकदा मी विचारलंच की उलटी येतेच हे कोणी ठरवलं. त्यांनी मला ट्रे धुऊन आणायला पाठवलं.

उत्तर जळगावात मिळालं, ते आमच्या भुलीच्या डॉक्टर मॅडमकडून. त्या म्हणाल्या, उलटी ही नशिबाची गोष्ट नाही, अंदाजाची आहे. कोणाला होणार ते बऱ्याच प्रमाणात आधीच ओळखता येतं. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त होते. पूर्वी भुलीनंतर ज्याला झाली त्याला पुन्हा होण्याचा संभव मोठा. दुर्बिणीने पोटातलं ऑपरेशन, कानाचं, मुलांच्या तिरळेपणाचं, यात जास्त. दुखण्यावर जोरदार औषधं द्यावी लागली तर त्यांनीही मळमळतं. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला कमी होते. हे शेवटचं वाक्य पेशंटसमोर बोलायला मला अजून जड जातं. व्यसनमुक्तीची पत्रकं वाटताना वडिलांबरोबर मी गावोगाव फिरले आहे. हे वाचून कोणी विडी पेटवू नये. उलटी एक दिवसाची असते.

आणि एक प्रश्न सगळ्यात कामाचा असतो. गाडी लागते का?

ज्याला प्रवासात मळमळतं त्याला भुलीनंतरही मळमळण्याचा धोका जास्त. एवढं आधी कळलं तर मॅडम सगळी मांडणीच बदलतात. एका औषधाऐवजी दोन वेगवेगळ्या जातीची औषधं, एक सुरुवातीला आणि एक शेवटी. हुंगवायच्या वायूऐवजी शिरेतून थेंबाथेंबाने दिलेली भूल. जिथे कापायचं तिथेच बधिर करण्याचं इंजेक्शन, म्हणजे जोरदार वेदनाशामक कमी लागतं. बाहेर आल्यावर माझं काम सुरू होतं. ट्रॉली धक्का न देता वळवायची, पेशंटला घाईने उठवून बसवायचं नाही, मागेल तेव्हाच घोट-घोट पाणी द्यायचं, आणि कोणी नातेवाईक खिशात कचोरी घेऊन आत आला असेल तर त्याला आधी बाहेर काढायचं. यात शौर्य काही नाही. आमचं यश म्हणजे काहीच न घडणं, आणि काहीच घडलं नाही याचं श्रेय कोणाला देत नाहीत.

उलट संशय घेतात. मुक्ताईनगरकडचे एक आबा पत्नीला घेऊन आले होते. पित्ताशय दुर्बिणीने काढायचं होतं. अक्का छान शुद्धीवर आल्या, पाणी प्यायल्या, मळमळ नाही. मी मनात खूश. आबा मात्र पलंगाभोवती फेऱ्या मारत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं की हिला अजून उलटी का झाली नाही. मी अभिमानाने सांगितलं की होणारच नाही, आम्ही तशी औषधं दिली आहेत. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे भूल आतच राहिली?”

त्यांच्या हिशेबात भूल हे विष होतं, ते पोटात जातं आणि उलटीवाटे बाहेर पडतं. गावात ज्यांची ज्यांची ऑपरेशनं झाली ते सगळे ओकले होते आणि म्हणूनच बरे झाले होते. मी समजावलं की भूल शिरेतून गेली आहे, ती लिव्हर आणि फुप्फुसं आपोआप बाहेर काढतात. त्यांनी मान डोलावली. मी दुसऱ्या पेशंटकडे वळले तेवढ्यात ते समोरच्या चहाच्या टपरीवरून ग्लासभर मिठाचं पाणी घेऊन आले, पडद्याआड गेले आणि अक्कांना पाजलं. पुढे जे व्हायचं ते झालं. टाके सुदैवाने शाबूत राहिले. मी बोलायला गेले तर आबा रुमालाने अक्कांचं तोंड पुसत होते आणि समाधानाने म्हणाले, “आता निघाली बघ. आता घरी न्यायला हरकत नाही.” अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, यांचंही समाधान व्हायला पाहिजे ना सिस्टर.

आबांचं सोडा, ते उघडपणे चूक करत होते. खरी अडचण असते लपवणाऱ्यांची. आणि लपवण्यामागे कारण असतं, हे मला रत्नाने शिकवलं.

रत्ना चोपड्याकडची. हे नाव खरं नाही, पण बाकीचं तिला विचारून लिहिते आहे. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, आजारपणात गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर तिला कंडक्टरची नोकरी लागली. अजून कायम झाली नव्हती. त्याआधीच्या वैद्यकीय तपासणीत तिचा एक कान कमी पडला. लहानपणापासून पडद्याला भोक होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करून घ्या, ऐकू यायला लागलं की पुन्हा तपासू. म्हणजे आमच्याकडे ती फक्त कानासाठी आली नव्हती, नोकरीसाठी आली होती.

तिच्याबरोबर दीर आला होता, सुनील. तो चोपडा-जळगाव रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवायचा. भाऊ गेल्यावर ही नोकरी आपल्याला मिळावी असं त्याला वाटत होतं, आणि घरातल्या निम्म्या लोकांनाही तसंच वाटत होतं. तो वाईट माणूस नव्हता. जीप भाड्याची, पोरं शाळेत, आणि परवान्याची कटकट कायमची. वहिनीला वेळेवर आणणं, कागद जमवणं, सगळं त्यानेच केलं. पण मी प्रश्न विचारायला लागले तेव्हा तो पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून राहिला आणि तिच्या वतीने उत्तरं देऊ लागला. बायकांच्या वतीने पुरुषांनी उत्तरं देणं हा आमच्याकडे रोजचा प्रकार आहे. पूर्वी भूल घेतली होती का? नाही, तो म्हणाला. काही औषध सोसत नाही असं? नाही. गाडी लागते का?

तो हसला आणि अहिराणीत म्हणाला, “ताई, कंडक्टर शे ती. कंडक्टरले कधी गाडी लागी का?”

रत्ना फरशीकडे बघत नाही म्हणाली.

मी मात्र तिला सकाळी पाहिलं होतं. जीपमधून उतरल्यावर ती आत न येता फाटकापाशी कठड्यावर बराच वेळ बसली होती, तोंड पांढरं पडलेलं. आताही तिच्या मुठीत एक लिंबू होतं आणि ती बोलता बोलता ते नाकाशी नेत होती. मी सुनीलला सांगितलं की गाऊन बदलायचा आहे, बाहेर थांबा. तो गेल्यावर पडदा ओढला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तिने लिंबू उशाशी ठेवलं. मग एकदम सगळं सांगितलं. गाडी तिला लहानपणापासून लागते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ती रोज शेवटच्या स्टॉपवर उतरून आडोशाला जाऊन ओकायची. मग तिच्या लक्षात आलं की बसलं की लागतं, उभं राहून समोरचा रस्ता बघितला की लागत नाही. तिकिटाच्या मशीनकडे खाली बघितलं की हमखास लागतं. म्हणून घरी मशीनची बटणं बोटांनी पाठ केली. आता गर्दीतसुद्धा ती मान खाली न घालता तिकीट फाडते. कंडक्टरसाठी राखलेल्या सीटवर ती अजून एकदाही बसलेली नव्हती.

मी तिला म्हटलं की यात लाजण्यासारखं काय आहे. गाडी लागणं म्हणजे कमजोरी नाही, कानातल्या तोलाची गोष्ट आहे, लपवल्याने अज्ञानच वाढतं, उघड सांगितलं पाहिजे. मैत्रिणी म्हणतात मी बोलायला लागले की पत्रक वाचल्यासारखं वाटतं. रत्नाने ते पहिल्याच भेटीत ओळखलं.

“ताई, तुमनं बोलनं छापाले बेस शे. पन छापेल कागदमा लोक भजा बांधतस. माले त्याच डेपोमा नोकरी करनी शे. बठ्ठा डेपो हासी, आन मना देरले समजनं ते नोकरी जाई.”

सगळा डेपो हसेल आणि दिराला कळलं की नोकरी जाईल, ही भीती पत्रकाने जाणारी नव्हती. मी तिला समजावलं की कानाच्या ऑपरेशनला मुळातच उलटीचा धोका जास्त. तिच्याच कानाजवळून काढलेला पातळ पापुद्रा भोकावर बसवणार, आणि ओकारीचा जोर आला तर तो सरकू शकतो. मग कान जाणार आणि कानाबरोबर नोकरीही. म्हणजे लपवूनही जाऊ शकते. शेवटी ठरलं ते असं, मी भुलीच्या मॅडमना सांगायचं आणि त्यांच्यापलीकडे कोणालाही नाही. मॅडमनी ऐकलं आणि मांडणी बदलली. वायू बाद, दोन्ही औषधं, कानामागे बधिर करण्याचं इंजेक्शन. जाता जाता मला म्हणाल्या, कंडक्टरला गाडी लागू नये असा नियम कुठे आहे? मलाही माहीत नव्हतं. पण नियमाला कोण घाबरतं? माणसं घाबरतात ती घरच्यांना.

ऑपरेशन चालू असताना सुनील रिकव्हरीच्या दाराशी आला. इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की एक चिठ्ठी पाहिजे होती. वहिनीला गाडी लागते, एवढी एक ओळ सेंटरच्या कागदावर. डेपोत दाखवायची आहे.

सकाळचं त्याचं हसणं मला आता वेगळं ऐकू आलं. मी म्हटलं, सकाळी तुम्हीच तर नाही म्हणालात. तो म्हणाला, मी तिच्या तोंडून यायची वाट बघत होतो. त्याला सगळं माहीत होतं. लग्नानंतर भावाने तिला पहिल्यांदा माहेरी नेलं तेव्हा बस किती वेळा थांबवावी लागली, ते भाऊ हसत सांगायचा. रागावून नाही, कौतुकाने सांगायचा.

“मी खोटं लिहा म्हणत नाही ताई. खरं तेच लिहा. तुम्ही खरं बोलणाऱ्या दिसता.”

हे वाक्य मला लागलं. माझ्या घरी खरं हे भिंतीला चिकटवायचं असतं, चौकात, भर दुपारी. खरं बोलायला घाबरू नका असं मी अक्षरओळख नसलेल्या बायकांना मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे. पण ते खरं कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न एकाही पत्रकात नव्हता. सरकारचं खरं, सावकाराचं, बुवाचं, ते उघड करायचंच. रत्नाच्या पोटात काय होतं आणि कधी होतं, हे खरं कोणाचं? ते तिने मला औषध मिळावं म्हणून दिलं होतं, चिठ्ठीसाठी नाही.

मी म्हटलं, पेशंट आम्हाला जे सांगतो ते पेशंटचं असतं. गाडी लागते की नाही हेसुद्धा मी सांगणार नाही. तुम्हाला काही विचारायचं असेल तर त्यांना विचारा.

“विचारतो,” तो म्हणाला.

रत्ना बाहेर आली ती शांत. डोक्याभोवती बँडेज, ओठ कोरडे, पण मळमळ नाही. मी डोक्याकडची बाजू थोडी उंच केली, खिडकी उघडली, शेजारच्या पलंगावरच्या बाईचा फोन बंद करायला लावला. बऱ्याच वेळाने तिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले, ते राहिले. नातेवाइकांना आत सोडायची वेळ झाली. ती मला टाळता येत नव्हती.

सुनील पलंगापाशी उभा राहिला आणि त्याने सगळ्यांसमोर विचारलं. बँडेजचा कान त्याच्या बाजूला होता. तिला मान वळवू नको असं सांगितलेलं, म्हणून तो पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आला आणि पुन्हा विचारलं, “वहिनी, गाडी लागस का तुमले?”

आमची मावशी पोछा मारता मारता थांबली. शेजारची बाई उठून बसली. मी रत्नाचा चेहरा बघत होते, मळमळ सुरू झाली की आधी ओठांभोवतीचा रंग जातो. रंग गेला नाही.

“लागस,” ती म्हणाली. आवाज बारीक होता. “तुमना भाऊले माहीत व्हतं, तुमले बी माहीत शे. म्हनीसन मी उभी राहस. चोपडापाईन जळगावपावत उभी राहस. कंडक्टरनी शीट ऱ्हास ना सुनीलभाऊ, तिच्यावर मी एक डाव बी बठेल नही. जा, सांगा डेपोमा. सांगा का रत्नाले गाडी लागस, आन ती रोज गाडीवर येस.”

एवढं बोलून तिने डोळे मिटले आणि पाण्यासाठी माझ्याकडे हात केला.

सुनीलच्या शर्टाच्या खिशात दुमडून ठेवलेला कोरा कागद होता, चिठ्ठीसाठीच आणलेला असावा. तो त्याने वरून चाचपला आणि तसाच राहू दिला. मग मला विचारलं की गाडी दाराशी कधी लावू. मी नेहमीच्या सूचना दिल्या. पुढच्या सीटवर बसवा, काच उघडी, खड्डे सांभाळून, गाडीत दुसरे प्रवासी नकोत, वाटेत काही तळलेलं खायला घालू नका.

“रिकामी न्यायची?” त्याने विचारलं. काळी-पिवळी रिकामी नेणं हे त्याच्या धंद्यात पाप असावं.

रिकामी, मी म्हटलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. पापुद्रा बसला, तपासणीत कान पास झाला, रत्ना कायम झाली. डेपोत कोणी काही विचारलं नाही, किंवा विचारलं असेल तर तिने मला सांगितलं नाही. आमच्याकडे त्यानंतर एक पद्धत पडली, भुलीचे प्रश्न पेशंटला एकट्याला विचारायचे. नातेवाईक चिडतात. आमच्यापासून काय लपवणार, असं म्हणतात, आणि नेमके तेच लोक बाहेर गेले की पेशंटची उत्तरं बदलतात. सासूसमोर आधीच्या भुलीची गोष्ट निघत नाही, बापासमोर सिगारेटची नाही. दाराबाहेर लावायची सूचना मी लिहिली. मॅडमनी त्यातली ‘जाहीर आवाहन’ ही वरची ओळ आणि शेवटचा सगळा परिच्छेद काढून टाकला. उरलेली सूचना चांगली आहे.

तरी उलटी पूर्ण संपवता आलेली नाही. सगळं नीट करूनही कोणी तरी ओकतंच, आणि ट्रे मी अजून पलंगाखाली ठेवते. धुळ्याच्या सिस्टरांना भेटले तर त्यांना हे सांगेन. त्या हसतील. पण पूर्वी प्रत्येक पलंगाखाली लागायचा, आता बहुतेक कोरडाच परत जातो.

घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फोन करतो. रत्नाचा फोन सुनीलने उचलला. वहिनी झोपली आहे म्हणाला. रात्री वरण-भात खाल्ला, तो राहिला. उलटी? नाही. मळमळ? तापीच्या पुलावर जराशी वाटली, तेव्हा गाडी बाजूला घेतली, ती उतरून उभी राहिली, बरं वाटल्यावर निघाले. दुखणं? फार नाही. मी ठीक आहे म्हणून फोन ठेवणार होते, तर तो थांबा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती, आणि ती कोणाकडे करायची हे त्याला ठरवता येत नसावं.

“ताई, तुमना सांगा परमाने इतली सावकाश आनी गाडी, का वाटमा बठ्ठ्या यष्ट्या माले मांगे टाकीसन गयात.”